सैनिक बोर्डाची पायरी

सैन्यातून निवृत्त झालेल्या जवानाला आणि त्याच्या पश्चात त्याच्या कुटुंबाला मिळणारे लाभ कायद्याने, नियमांनी आणि शासन निर्णयांनी ठरवून दिलेले असले, तरी त्यांतील फार थोडे लाभ आपण होऊन दारात येतात. निवृत्तिवेतन, म्हणजे बोलीतली पेन्शन, बहुधा ठरल्या तारखेला खात्यात जमा होऊ लागते. परंतु मुलीच्या लग्नाचे अनुदान, मुलांची शिष्यवृत्ती, घरपट्टीतील माफी, अपंगत्वाच्या नोंदीतील चूक सुधारून घेण्याचा अधिकार किंवा पतीच्या निधनानंतर पत्नीच्या नावे सुरू व्हायचे कुटुंब निवृत्तिवेतन यांसाठी कोणाला तरी अर्ज लिहावा लागतो, कागद जोडावे लागतात आणि तो अर्ज कोणत्या टेबलावर अडला आहे याचा माग काढावा लागतो. हे काम एक पैसाही न घेता करून देणारी सरकारी यंत्रणा प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याला आलेली आहे. असे असूनही अनेक कुटुंबे मध्यस्थाच्या हाती पैसे ठेवतात, याचे कारण लाभांची माहिती नसणे एवढेच नसून कोणते काम कोणत्या कार्यालयाचे याची विभागणी बाहेरच्या माणसाला उलगडत नाही, हेही आहे.

या यंत्रणेचा सर्वांत जवळचा दुवा म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. गावागावांतून त्याला आजही ‘सैनिक बोर्ड’ असेच म्हटले जाते. हे कार्यालय लष्कराचे आहे असा समज सर्वत्र आढळतो, पण ते राज्य शासनाचे असते. महाराष्ट्रात त्यावर पुण्यातील सैनिक कल्याण विभागाच्या संचालकांचे नियंत्रण असून गोव्यातही अशाच स्वरूपाचा विभाग पणजीहून चालतो. राज्यांच्या या कार्यालयांवर दिल्लीतील केंद्रीय सैनिक बोर्ड ही संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाखालील संस्था देखरेख ठेवते, संरक्षणमंत्री तिचे अध्यक्ष असतात आणि कार्यालयांच्या खर्चाचा वाटा केंद्र व राज्य मिळून उचलतात. बहुतेक राज्यांसाठी हे प्रमाण ६० आणि ४० टक्के असे आहे. लाभार्थी कोणत्या राज्याच्या कार्यालयाकडे जाणार हे त्याच्या भाषेवरून किंवा पलटणीवरून नव्हे, तर राहत्या जिल्ह्यावरून ठरते. त्यामुळे मराठा लाइट इन्फंट्रीत सेवा केलेला बेळगाव किंवा निपाणीचा जवान कर्नाटकाच्या कार्यालयाकडे नोंदला जातो आणि त्याच पलटणीतला चंदगडचा जवान कोल्हापूरच्या.

या रचनेचे मूळ पहिल्या महायुद्धात आहे. युद्धावरून परतलेल्या आणि न परतलेल्या हिंदी सैनिकांच्या कुटुंबांचा प्रश्न समोर उभा राहिल्यावर तत्कालीन सरकारने १९१९ मध्ये ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ स्थापन केले आणि आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड हा त्याचाच नामांतरित वारसा आहे. स्वातंत्र्यानंतर १९४९ पासून दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जाऊ लागला, त्या दिवसापासून छोटे ध्वज देऊन जमवलेला निधी सैनिक कल्याणासाठी वापरण्याची पद्धत रूढ झाली आणि १९९३ मध्ये निरनिराळे जुने निधी एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी या नावाने एकच निधी उभा करण्यात आला. शाळेत किंवा कचेरीत कागदी ध्वज घेऊन खिशाला लावणाऱ्या नागरिकाने दिलेले दहा-वीस रुपये पुढे कोठे जातात, याचे उत्तर या निधीत आहे. त्यामुळे त्यातून मिळणारी मदत ही कोणा अधिकाऱ्याची मेहेरबानी ठरत नाही.

जिल्हा कार्यालयाचा प्रमुख, म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, हा स्वतः सैन्यातून निवृत्त झालेला अधिकारी असतो आणि त्याच्या हाताखालच्या ‘कल्याण संघटक’ या पदावरही माजी सैनिकच काम करतात. कल्याण संघटकाचे काम टेबलामागे बसण्यापुरते नसून तालुक्यात फिरून कुटुंबांपर्यंत पोहोचण्याचे आहे, आणि तो ज्या जिल्ह्यात हिंडतो तेथे कार्यालयाची ओळख त्याच्यामुळेच टिकते. मात्र एका माणसाकडे कित्येक तालुके सोपवलेले असतील तर हे हिंडणे कितपत शक्य होते, हा प्रश्न राहतोच. माजी सैनिकाचे व त्याच्या विधवेचे ओळखपत्र देणे, अर्ज भरून घेणे, कागदपत्रांची छाननी व साक्षांकन करणे, अभिलेख कार्यालयांशी पत्रव्यवहार करणे, नोकरीसाठी नाव नोंदवणे, मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या वसतिगृहात प्रवेश देणे आणि कामानिमित्त जिल्ह्याच्या गावी आलेल्या माजी सैनिकाला विश्रामगृहात उतरण्याची सोय करणे, अशी कार्यालयाची कामे पसरलेली आहेत. यांपैकी अर्ज भरण्यासाठी, पत्र लिहिण्यासाठी किंवा पाठपुराव्यासाठी शुल्क आकारले जात नाही.

या कार्यालयाच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात, कारण अपेक्षाभंगाचे बहुतेक प्रसंग तेथूनच उगवतात. सैनिक बोर्ड निवृत्तिवेतन मंजूर करत नाही, वाढवत नाही आणि थांबवतही नाही. भूदलाच्या निवृत्तिवेतनाचे निर्णय प्रयागराज येथील संरक्षण लेखा विभागाच्या प्रधान नियंत्रक कार्यालयात होतात, नौदलाचे मुंबईत आणि हवाई दलाचे दिल्लीत. जवानाच्या सेवेची मूळ नोंद या कार्यालयांतही नसते. ती त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या अभिलेख कार्यालयात, म्हणजे ‘रेकॉर्ड ऑफिस’मध्ये जपलेली असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, बाँबे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिकरोडला आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे नागपूरजवळच्या कामठीला आहेत. सैनिक बोर्ड या दोन टोकांमध्ये उभे राहून अर्ज योग्य टोकाला पोहोचवते, आणि पत्र कोणत्या टोकाला पाठवायचे हे ठाऊक असणे हीच पुष्कळदा निम्मी मदत असते.

माजी सैनिक कोणाला म्हणावे याचीही ठरलेली व्याख्या आहे. निवृत्तिवेतनासह सेवेतून बाहेर पडलेले, सेवेमुळे जडलेल्या आजाराने किंवा दुखापतीने निवृत्तिवेतन देऊन मुक्त केलेले आणि ठरावीक सेवा पूर्ण करून केवळ उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, घेऊन मुक्त झालेले जवान तीत सर्वसाधारणपणे बसतात. गैरवर्तनामुळे बडतर्फ झालेले किंवा स्वतःच्या विनंतीवरून निवृत्तिवेतनाविना सेवा सोडलेले बसत नाहीत. शिपायाला निवृत्तिवेतनासाठी सामान्यतः १५ वर्षांची सेवा लागते, त्यामुळे जुन्या काळी अल्प सेवा करून परतलेला आणि आता वार्धक्यात पोहोचलेला एक वर्ग निवृत्तिवेतनाविना राहिला आहे. दर महिन्याला काहीच हाती येत नसल्याने सैन्याशी आपला संबंध संपला, असे हा वर्ग धरून चालतो आणि सैनिक बोर्डाची पायरी चढत नाही. वस्तुतः केंद्रीय सैनिक बोर्डाच्या योजनांपैकी सर्वांत महत्त्वाची योजना त्याच्यासाठीच आहे.

‘दारिद्र्य अनुदान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत ६५ वर्षांवरील, निवृत्तिवेतन नसलेल्या आणि हवालदार किंवा समकक्ष हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकाला अथवा त्याच्या विधवेला दरमहा ४,००० रुपये मिळत असत. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी ही रक्कम दुप्पट, म्हणजे ८,००० रुपये, करण्यास मंजुरी दिली. त्याच निर्णयाने पहिलीपासून पदवीपर्यंत शिकणाऱ्या दोन मुलांसाठीचे शिक्षण अनुदान प्रत्येकी दरमहा १,००० वरून २,००० रुपये झाले, तर दोन मुलींच्या लग्नासाठी आणि विधवेच्या पुनर्विवाहासाठी मिळणारे अनुदान ५०,००० वरून १,००,००० रुपयांवर गेले. वाढीव दर १ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या अर्जांना लागू आहेत. शिक्षण व विवाह अनुदानासाठी निवृत्तिवेतन असणे आड येत नाही, हुद्द्याची अट मात्र आहे. घरदुरुस्ती, निवृत्तिवेतन नसलेल्यांचा औषधोपचार, गंभीर आजार, दिव्यांग अपत्य आणि अनाथ मुले यांसाठीही स्वतंत्र तरतुदी असून हे सर्व अर्ज केंद्रीय बोर्डाच्या संकेतस्थळावर भरून जिल्हा कार्यालयात मूळ कागदपत्रांनिशी तपासून घ्यावे लागतात, तेथून ते राज्याकडे आणि नंतर दिल्लीला जातात, व रक्कम थेट बँक खात्यात येते. बहुतेक अनुदानांच्या अर्जांना मुदत असते आणि लग्नाच्या धामधुमीत ती उलटून जाते, हे जिल्हा कार्यालयांत वारंवार घडणारे आहे.

व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. २००६-०७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत दर वर्षी ५,५०० नवे विद्यार्थी निवडले जातात, त्यांत मुलगे व मुली निम्मे-निम्मे असतात, आणि मुलींना दरमहा ३,००० तर मुलांना २,५०० रुपये मिळतात. प्रवेशासाठी आवश्यक असलेल्या परीक्षेत किमान ६० टक्के गुण ही अट आहे. राज्याच्या योजना याहून वेगळ्या असतात आणि त्या महाराष्ट्राचा अधिवास असलेल्यांसाठी असतात. महाराष्ट्रात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना मालमत्ता करातून सूट देणारी बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची योजना २०२० पासून लागू आहे. परंतु नगरपालिका किंवा महानगरपालिका ही सूट मागितल्याखेरीज देत नाही आणि मागताना जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र पुढे ठेवावे लागते. घरपट्टी निमूटपणे भरत राहणारे माजी सैनिक शहरात कमी नाहीत. नोकरीच्या बाबतीत केंद्र सरकारच्या ‘क’ गटात १० टक्के पदे माजी सैनिकांसाठी राखीव असतात, राज्य सेवेतही आरक्षण आहे, आणि पुण्यातील महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, ज्याला सर्व जण ‘मेस्को’ म्हणतात, सुरक्षारक्षकाच्या व अन्य कामांसाठी माजी सैनिकांना पाठवते.

योजनांची ही यादी कितीही लांबवता येईल, पण कुटुंबे ज्यात खरोखर अडकतात ती गोष्ट रकमेची नसून नोंदीची आहे. जवान भरती होतो तेव्हा त्याचे नाव, जन्मतारीख, गाव आणि वारस यांची नोंद होते, आणि पुढे लग्न झाले, मूल झाले, मूल दगावले, पत्नी वारली, दुसरे लग्न झाले, की प्रत्येक वेळी पलटणीकडून एक आदेश निघून ती घटना त्याच्या सेवापत्रकात चढावी लागते. या आदेशाला फौजी भाषेत ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. हा आदेश निघालेला नसेल तर घरात वीस वर्षे नांदलेली पत्नी आणि कॉलेजात शिकणारा मुलगा सैन्याच्या दप्तरी अस्तित्वातच नसतात. सेवेत असताना सुटीवर आलेल्या जवानाला हे काम क्षुल्लक वाटते, आणि त्याचे परिणाम त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीला भोगावे लागतात.

महाराष्ट्रात या अडचणीला एक खास स्थानिक रूप आहे. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल अनेक समाजांत कालपरवापर्यंत सर्रास होती, त्यामुळे पलटणीत माहेरचे नाव लिहिलेले, रेशनकार्डावर सासरचे, मतदारयादीत नावापुढे ‘बाई’ लागलेले आणि आधारकार्डावर तिसरेच, अशी एकाच स्त्रीची तीन-चार नावे कागदोपत्री तयार होतात. मराठी नावातील पतीचे किंवा वडिलांचे मधले नाव कधी गाळले जाते, कधी आडनावाच्या जागी लिहिले जाते. परप्रांतातील कारकुनाने कानाला ऐकू येईल तसे इंग्रजीत उतरवलेले आडनाव मुलाच्या शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही. जन्मतारखेचीही हीच गत आहे, कारण जुन्या पिढीत ती पुष्कळदा शाळेत नाव घालताना अंदाजाने सांगितलेली असे. हाताने लिहिलेल्या खतावण्यांच्या काळात अशा विसंगतींकडे काणाडोळा होत असे. संगणक तो करत नाही.

अशा प्रसंगी एजंट ‘वर बोलून’ काम करून देण्याची भाषा करतो, पण नोंद दुरुस्त होण्याचा मार्ग एकच असतो. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, आवश्यक तेथे राज्य शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची सूचना, लग्नाचा किंवा जन्माचा दाखला आणि डिस्चार्ज बुकाची प्रत यांसह अर्ज अभिलेख कार्यालयाकडे जातो, तेथे दुरुस्तीचा आदेश निघतो, आणि त्यानंतर निवृत्तिवेतनाच्या आदेशात, म्हणजे पीपीओमध्ये, बदल होतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हा अर्ज आपल्या शिफारशीनिशी पाठवते. डिस्चार्ज बुक हे सेवामुक्तीच्या वेळी मिळणारे पुस्तक असून त्यात सेवेचा काळ, पदके, वैद्यकीय स्थिती आणि कुटुंबाचा तपशील असतो. ते हरवले असेल तर त्याविषयीही प्रथम अभिलेख कार्यालयाकडेच जावे लागते.

२०२१ पासून संरक्षण निवृत्तिवेतन हळूहळू बँकांकडून काढून ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर आणण्यात आले, आणि तीस लाखांहून अधिक निवृत्तांचे व्यवहार आज तिच्यामार्फत चालतात. पूर्वी गावच्या बँकेतील ओळखीचा कर्मचारी जे करून देत असे, ते आता संकेतस्थळावर खाते उघडून, पासवर्ड सांभाळून आणि मोबाइलवर आलेला अंक भरून करावे लागते. सत्तरी ओलांडलेल्या माणसावर ही व्यवस्था लादताना त्याच्या सोयीचा विचार आधी झाला होता, असे म्हणणे कठीण आहे. नंतर मात्र ठरावीक बँकांच्या शाखा, संरक्षण लेखा विभागाची कार्यालये आणि गावोगावची सामायिक सेवा केंद्रे यांना ‘स्पर्श सेवा केंद्र’ म्हणून नेमण्यात आले, आणि तेथील सेवेचे शुल्क निवृत्ताकडून न घेता संरक्षण लेखा विभागाने सोसावे, असे ठरवण्यात आले. ही गोष्ट केंद्रावर गेलेल्या माणसाला ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण तेथे पैसे मागितले गेले तर ते नाकारण्याचा त्याला अधिकार आहे.

वर्षातून एकदा, बहुतेकांच्या बाबतीत नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तो न दिल्यास निवृत्तिवेतन थांबते. ‘जीवन प्रमाण’ या २०१४ मध्ये सुरू झालेल्या सुविधेमुळे हा दाखला आता बोटांच्या ठशाने किंवा मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. येथे एक बारीक चूक फार जणांना भोवते: निवृत्तिवेतन देणारी संस्था म्हणून यादीतून ‘स्पर्श’ निवडण्याऐवजी सवयीने बँकेचे नाव निवडले जाते, दाखला तयार झाल्याचा संदेशही येतो, पण तो भलतीकडेच जातो आणि दोन महिन्यांनी पैसे बंद झाल्यावर शोधाशोध सुरू होते. थांबलेली रक्कम दाखला पोहोचल्यावर थकबाकीसह मिळत असल्याने घाबरून कोणाला पैसे देण्याचे कारण नसते.

जवानाच्या निधनानंतर पत्नीने करायच्या गोष्टींत वेळेला महत्त्व आहे. मृत्यूची माहिती स्पर्शवर, अभिलेख कार्यालयाला आणि सैनिक बोर्डाला द्यावी लागते. ती लपून राहिली आणि पतीचे निवृत्तिवेतन जमा होतच राहिले, तर जादा रक्कम नंतर कुटुंब निवृत्तिवेतनातून कापली जाते. पत्नीचे नाव पीपीओमध्ये आधीच असेल तर मृत्यूचा दाखला, आधार, पॅन आणि तिचे स्वतःचे बँक खाते एवढ्यावर काम भागते. कुटुंब निवृत्तिवेतनाचे तीन प्रकार आहेत: सामान्य प्रकारात शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, सेवेशी निगडित कारणाने मृत्यू झाल्यास ‘विशेष’ प्रकारात ६० टक्के, आणि युद्धात किंवा शत्रूशी लढताना मृत्यू झाल्यास ‘उदारीकृत’ प्रकारात पूर्ण वेतनाइतके. मृत्यूचे कारण कोणत्या रकान्यात लिहिले गेले यावर आयुष्यभराची मिळकत ठरत असल्याने आदेश हाती आल्यावर प्रकार कोणता लावला आहे ते तपासून घेणे हे केवळ वीरपत्नीचेच नव्हे, तर तिला मदत करणाऱ्या प्रत्येकाचे पहिले काम ठरते. याखेरीज सैन्याच्या समूह विमा निधीचे विस्तारित विमा संरक्षण आणि बँकेतील संरक्षण वेतन किंवा निवृत्तिवेतन पॅकेजसोबत येणारा अपघात विमा यांचे दावे कुटुंबाला माहीत नसल्यामुळे राहून जातात. त्यासाठी दरमहा वेगळा हप्ता भरावा लागत नसल्याने घरात त्याची पावती नसते.

आजारपणासाठी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, अर्थात ईसीएचएस, १ एप्रिल २००३ पासून चालू आहे. एकदाच वर्गणी भरून निवृत्त सैनिक व त्याचे अवलंबित तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये उपचार घेतात आणि तेथून पाठवल्यास नोंदणीकृत खासगी रुग्णालयात रोख रक्कम न भरता दाखल होतात. जखमी होऊन कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांसाठी पुण्यात खडकीला १९७४ मध्ये स्थापन झालेले पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, आणि १९१७ मध्ये महायुद्धातील अपंग सैनिकांसाठी सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्थाही खडकीतच दिव्यांग जवानांना व्यवसायशिक्षण देते.

अपंगत्व निवृत्तिवेतनाचा वाद मात्र अर्जांनी सुटतोच असे नाही. सेवामुक्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ आजाराचा सेवेशी संबंध आहे की नाही आणि अपंगत्व किती टक्के हे ठरवते. ते मान्य नसेल तर विभागीय अपील करता येते आणि त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते, ज्याचे मुंबईत प्रादेशिक खंडपीठ आहे. २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती तो सेवेतच उद्भवला असे गृहीत धरले पाहिजे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सैन्यावर आहे. २०२३ मध्ये अपंगत्वाच्या पात्रतेचे नवे नियम आल्याने जवान कोणत्या साली सेवामुक्त झाला हा प्रश्न आता निर्णायक बनला असून येथे जाणकार वकिलाची गरज पडते.

वकील म्हटला की खर्च आला, हे गृहीतकही तपासून पाहण्यासारखे आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि मर्यादित उत्पन्नाचे नागरिक यांच्याबरोबरच प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे सैनिकाच्या विधवेला उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, ज्याचे संक्षिप्त नाव ‘नालसा’ आहे, २६ जुलै २०२५ रोजी कारगिल विजय दिनाला ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली आणि तिच्याद्वारे सैनिक बोर्डांच्या कार्यालयांत विधी सेवा केंद्रे उघडण्याचे ठरले. तेथे नेमलेले वकील व विधी स्वयंसेवक सैनिक, माजी सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय यांना निवृत्तिवेतनापासून गावाकडच्या जमिनीच्या वादापर्यंत सल्ला देतात, आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर विधी साहाय्यासाठी चालतो. जवान सीमेवर असताना भाऊबंदांनी बांध कोरल्याची किंवा सातबाऱ्यावरचे नाव उडवल्याची तक्रार नवी नाही. विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाविरुद्धचा दिवाणी दावा त्याच्या गैरहजेरीत पुढे चालू नये अशी तरतूद १९२५ च्या भारतीय सैनिक खटले कायद्यातच आहे, पण ती न्यायालयाच्या नजरेस कोणीतरी आणून द्यावी लागते.

अर्ज करून उत्तरच येत नसेल तर केंद्र शासनाच्या तक्रार निवारण संकेतस्थळावर विनामूल्य तक्रार नोंदवता येते आणि माहिती अधिकार कायदा, २००५ खाली १० रुपयांत आपल्या अर्जाचे काय झाले ते लेखी विचारता येते. बरीच प्रकरणे या दुसऱ्या मार्गाने हलतात, कारण उत्तर देण्यासाठी कारकुनाला फाइल उघडावीच लागते.

विनामूल्य मदतीच्या नावाखाली फसवणूकही वाढली आहे. प्रयागराजच्या कार्यालयातून बोलत असल्याचे सांगून हयातीचा दाखला अद्ययावत करण्याच्या बहाण्याने मोबाइलवरचा अंक विचारला जातो आणि खाते रिकामे होते. निवृत्ताचा पीपीओ क्रमांक, सेवामुक्तीची तारीख असा तपशील समोरच्याला ठाऊक असल्याने विश्वास बसतो. कोणतेही सरकारी कार्यालय असा अंक दूरध्वनीवर मागत नाही, आणि पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवले जाईल तितकी ती रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. थकबाकी काढून देण्याच्या बदल्यात तिचा हिस्सा मागणारे मध्यस्थ यापेक्षा सभ्य दिसतात, पण ते जो अर्ज भरतात तोच सैनिक बोर्डात फुकट भरून मिळतो.

सैनिक बोर्डांपुढे लवकरच वेगळ्याच प्रकारची माणसे येऊन उभी राहणार आहेत. २०२२ च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी भरती झालेल्या अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात आणि उरलेले सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन परततात. योजनेच्या मूळ अटींनुसार त्यांना निवृत्तिवेतन नाही, ईसीएचएस नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. पंचविशीच्या आसपासचा असा तरुण नोकरीच्या नोंदणीसाठी, सेवेत झालेल्या दुखापतीच्या कागदांसाठी किंवा नावातील चूक दुरुस्त करून घेण्यासाठी जिल्हा कार्यालयात आला, तर माजी सैनिकाच्या व्याख्येवर उभे असलेले ते कार्यालय त्याचा अर्ज कोणत्या नियमाखाली घेणार, याचा निर्णय केंद्र व राज्य शासनांना त्याआधी करावा लागेल.